माळव्याची किनारपट्टी

देवासच्या माणसाला समुद्रावर जायचं झालं तर आधी इंदूर ओलांडावं लागतं, आणि बहुतेकांचा समुद्र तिथेच आटतो. अंतर जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटरचं. पण वाटेत सकाळी पोहे-जिलबी, दुपारी छप्पन दुकान आणि रात्री सराफा दबा धरून बसलेला असतो. गोव्याला म्हणून निघालेली काही मराठी कुटुंबं सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसापाशी अडकली, पहाटे घरी परतली आणि ‘झालं फिरून’ म्हणत झोपली, असं सांगतात. सांगणारे देवासचेच असल्यामुळे त्यात थोडा मीठ-मसाला आहे. शेव तर आहेच.

अशाच एका जोडप्याची ही सहल. कॉलनीत सगळे त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. भाऊ बँक नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर डोळ्यांसमोरून नोटांचे ढीग गेल्यामुळे पैशाचं आकर्षण उरलं नाही, असं ते म्हणतात. वहिनींच्या मते उरलं नाही ते खर्च करण्याचं. वहिनी माहेरच्या ग्वाल्हेरच्या. म्हणजे सासरी-माहेरी राजेरजवाडे पुष्कळ, समुद्र शून्य. धाकटी बहीण मात्र पुण्याला दिलेली, आणि ती दर हिवाळ्यात दिवेआगरहून फोटो पाठवते. फोटोत माणसं नसतात. नुसते वाळूतले पाय, पलीकडे लाटा. ‘आमच्या पायांना काय झालंय?’ असा प्रश्न वहिनींनी एका रात्री जेवताना विचारला आणि लग्नाचा वाढदिवस किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात साजरा करण्याची मागणी पटलावर आली.

ती मंजूर होणं सोपं नव्हतं, कारण त्या घरात सरकार एक नाही. देवासची ती परंपराच आहे. १७२८ मध्ये तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी इथे बस्तान बसवलं, आणि पुढे एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं नांदली. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. टेकडीवरच्या देवीसुद्धा दोन, थोरली माता आणि धाकटी माता. १९४८ मध्ये दोन्ही संस्थानं मध्यभारतात विलीन झाली. भाऊ-वहिनींच्या घरातली अजून व्हायची आहेत. तिथे बँकेचं पासबुक, प्रवासाची तिकिटं आणि टीव्हीचा रिमोट थोरल्या पातीकडे असतो. स्वयंपाकघर, नातेवाईक आणि शेवटचा शब्द धाकट्या पातीकडे.

थोरल्या पातीने विरोध नोंदवला तो थेट इतिहासाच्या आधाराने. “देवासला समुद्र लाभत नाही,” भाऊ म्हणाले. “तिसऱ्या तुकोजीरावांचं काय झालं आठव. तीर्थयात्रेला म्हणून निघाले, पाँडिचेरीला पोचले, ते परत आलेच नाहीत.”

हे मात्र खरं आहे. थोरल्या पातीचे हे महाराज म्हणजे ज्यांच्याकडे ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये खासगी चिटणीस होता, आणि ज्यांच्यावर त्याने पुढे १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक लिहिलं. संस्थानाचा खजिना आटला, इंग्रज सरकार हिशेब मागू लागलं, तेव्हा महाराजांनी फ्रेंचांच्या हद्दीतल्या पाँडिचेरीचा किनारा गाठला आणि १९३७ मध्ये तिथेच देह ठेवला. सुट्टी एवढी लांबवलेला दुसरा देवासकर प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही.

“त्यांच्या डोक्यावर कर्ज होतं,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्या डोक्यावर तर केसही नाहीत.”

भाऊंनी दुसरं हत्यार काढलं. १९४८ मध्ये कुमार गंधर्व आजारपणात देवासला आले ते इथल्या कोरड्या हवेसाठी, आणि मग जन्मभर इथेच राहिले. “एवढा मोठा माणूस कोरड्या हवेसाठी इथे येतो, आणि आपण दमट हवा खायला बाहेर जायचं?”

“त्यांना क्षय होता हो. मला कंटाळा आहे.”

यावर औषध नव्हतं. शेवटी दोन्ही दरबारांत तह झाला. वहिनींच्या अटी तीन: रिसॉर्ट पाहिजे, समोर पाणी पाहिजे आणि फोटो काढण्याजोगं काहीतरी पाहिजे. भाऊंनी आठवडाभर गुप्त हालचाली केल्या आणि जाहीर केलं की तिन्ही अटी पूर्ण होत आहेत, शिवाय वर एक जहाज. रिसॉर्ट काठावर आहे, काठ सागराचा आहे, आणि आजूबाजूला एका दिवसात जाऊन येण्यासारखी ठिकाणं भरपूर. वहिनींनी मोठी बॅग काढली. गाडी धारच्या रस्त्याला लागली तेव्हा त्यांना संशय आला, आणि मांडूची पाटी दिसली तेव्हा खात्री पटली. मांडूत सागर तलाव आहे, तलावाकाठी रिसॉर्ट आहे, आणि जहाज महाल तर शाळेच्या पुस्तकातही असतो. तहातलं एकही कलम मोडलेलं नव्हतं. राजकारण याला म्हणतात.

बॅगेत मात्र किनाऱ्याचंच सामान होतं. भाऊंसाठी फुलाफुलांची बर्म्युडा, गवताची टोपी, काळा चष्मा. वहिनींसाठी उन्हाचं मलम आणि वाळूतल्या चपला. महिना श्रावण. दुसऱ्या पिशवीत लसणाची शेव, लवंगेची शेव, जाडी शेव, बारीक शेव आणि ‘तिथे काही मिळालं नाही तर’ म्हणून आणखी एक शेव. माळव्यातला माणूस चंद्रावर उतरला तर आधी शेवेची पुडी सोडेल आणि मग झेंडा लावेल.

वाटेत धारला चहा झाला. चहा झाला की भाऊंना इतिहास येतो. समोर किल्ला होता. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव याच किल्ल्यात जानेवारी १७७५ मध्ये जन्मला. आनंदीबाई तेव्हा इथे आश्रयाला होत्या, आणि राघोबादादा इंग्रजांची मदत मागत गुजरातेत हिंडत होते. मार्च महिन्यात त्यांनी सुरतेचा तहही केला.

“म्हणजे बाळंतीण धारच्या किल्ल्यात,” वहिनी कप खाली ठेवत म्हणाल्या, “आणि यजमान समुद्राकडे. पवारांच्या मुलखात बायकोला ठेवून स्वतः किनाऱ्यावर जायचं! तुम्ही निदान स्वतःही गेला नाहीत, एवढंच काय ते बरं.”

भाऊंनी याला कौतुक समजून दुसरा चहा मागवला.

मांडू समुद्रसपाटीपासून सहाशेहून जास्त मीटर उंच आहे, म्हणजे समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं वरच्या बाजूनेही गेलेलं. पावसाळ्यात ढग इथे वरून जात नाहीत, खोलीत येतात. काठावरच्या खुर्च्यांवर दोघं बसली तेव्हा समोर पांढरा पडदा होता.

“पाणी कुठाय?”

“समोर.”

“मला दिसत नाही.”

“समुद्राचाही पलीकडचा काठ दिसत नाही,” भाऊ म्हणाले. “इथे अलीकडचाही दिसत नाही. म्हणजे बघ.”

तेवढ्यात पडदा थोडा विरला आणि पाण्याऐवजी एक म्हैस प्रकट झाली. तिने बर्म्युडाकडे निरखून पाहिलं. मांडूने सुलतान पाहिले, बादशहा पाहिले, पण हे नवीन होतं. भाऊ उठून आत गेले आणि पायजमा चढवून, वर स्वेटर घालून आले. गवताची टोपी राहू दिली. ती पावसात भिजून दोन्ही बाजूंनी कानांवर उतरली होती, त्यामुळे कानटोपीचं काम झालं.

मांडूला येऊन कुरकूर करणाऱ्या वहिनी काही पहिल्या नव्हेत. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१७ मध्ये जहांगिराच्या लवाजम्याबरोबर इथे आला आणि पाण्याच्या टंचाईचं रडगाणं त्याने लिहून ठेवलं. शिवाय रात्री हिंस्र जनावरं अंगणात येऊन शेळ्यामेंढ्या उचलून नेतात, हीही तक्रार आहे. जहांगीर मात्र मांडूच्या पावसाळ्यावर बेहद्द खूश. आपल्या आठवणींत त्याने या हवेचं तोंड भरून कौतुक केलंय. त्याचं बरोबर आहे. त्याचं सामान वाहायला हत्ती होते.

दुसऱ्या दिवशी जहाज महाल. मुंज तलाव आणि कपूर तलाव या दोन पाण्यांच्या मधे शंभराहून अधिक मीटर लांबीची ही इमारत उभी आहे, आणि पावसाळ्यात दोन्ही बाजू भरल्या की खरंच नांगर टाकल्यासारखी दिसते. वहिनींनी गच्चीवरून नेमका कोन साधून फोटो काढला: खाली कठडा, पलीकडे पाणी, वर ढग. बहिणीचा निरोप क्षणात आला. “ताई, क्रूझ??” वहिनींनी उत्तर दिलं, “जहाजावर आहोत.” यात खोटं काहीच नव्हतं.

हा महाल ज्याचा मानतात तो खिलजी घराण्यातला सुलतान गियासुद्दीन १४६९ ते १५०० असं राज्य करत होता, आणि त्याच्या जनान्यात पंधरा हजार स्त्रिया होत्या असं फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. हा आकडा ऐकून पुरुष पर्यटक गप्प होतात आणि दूर बघू लागतात. भाऊही बघू लागले. वहिनींना वेगळीच काळजी.

“एवढ्या जणींच्या नाश्त्याला काय करत असतील?”

प्रश्न रास्त आहे, आणि नवल म्हणजे त्याचं उत्तर शिल्लक आहे. या सुलतानाने राज्यकारभार मुलाकडे सोपवून पाककृतींचं पुस्तक करवून घेतलं. ‘निअमतनामा’ नावाची ती सचित्र पोथी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चित्रांत झुपकेदार मिशांचा सुलतान बसलाय, भोवती बायका काहीतरी ढवळतायत, आणि पानोपानी सामोसे, खिरी, सरबतं, विडे, अत्तरं. सामोश्यांचे तर कितीतरी प्रकार. पण बटाटा नाही, हिरवी मिरची नाही, कारण या दोन्ही गोष्टी अमेरिकेतून भारतात यायच्या होत्या. मकाही तिकडचाच. भाऊ हातातल्या भाजलेल्या कणसाकडे बघत राहिले.

“म्हणजे मांडूचा सुलतान, आणि पावसात भुट्टा नाही?”

“नाही.”

“बटाटेवडाही नाही?”

“नाही.”

“बिचारा,” भाऊ म्हणाले. पंधरा हजारांचा हेवा त्या क्षणी संपला.

याच वेळी एका वानराने शेवेची पिशवी लांबवली. टॉमस रोच्या काळात मेंढी गेली असती. आता लसणाची शेव गेली, म्हणजे प्रगती आहे. भाऊंनी “अरे, अरे” असा राजनैतिक निषेध नोंदवला. वहिनी छत्री उगारून कमानीपर्यंत धावल्या आणि अर्धी पिशवी सोडवून आणली. भाऊंनी घाम पुसत सांगितलं की जहांगिराच्या त्या मांडूच्या मुक्कामात, १६१७ मध्ये, नूरजहाँने हत्तीवरून सहा गोळ्यांत चार वाघ टिपले होते.

“मग जहांगिराने काय दिलं?”

“हजार अशर्फ्या उधळल्या. शिवाय दागिने.”

वहिनी नुसत्या बघत राहिल्या. भाऊंनी तातडीने दाल-पानिये मागवले. मक्याच्या पिठाचे हे जाड पानगे पानात गुंडाळून गोवऱ्यांवर भाजतात, तुपात बुडवतात आणि डाळीबरोबर देतात. दोन खाल्ले की अशर्फ्यांचा विषय निघत नाही. बोलायला तोंडच मोकळं नसतं.

होशंगशहाच्या संगमरवरी कबरीपाशी एका गाइडने पाठ म्हटल्यासारखं सांगितलं की ताजमहाल बांधण्यापूर्वी शाहजहानचे कारागीर हे बघायला आले होते. भाऊ खाली वाकून वाचायला लागले. तिथल्या शिलालेखात कारागिरांच्या भेटीचं साल १६५९ आहे, आणि तोवर ताजमहाल बांधून झाला होता. “म्हणजे काम उरकून आले असणार,” भाऊ म्हणाले. “निवृत्त झाल्यावर. आपल्यासारखे.” गाइडने पैसे घेतले आणि दुसरं गिऱ्हाईक धरलं.

रूपमती मंडपाबद्दल वहिनींना फार आशा होती. राणी रूपमतीला नर्मदेचं दर्शन झाल्याशिवाय अन्न गोड लागत नसे, म्हणून बाजबहादूरने तिला ही जागा दिली, अशी कथा आहे. मंडप पठाराच्या अगदी कडेला. तीनशेहून अधिक मीटर खाली निमाडचं मैदान, आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर नर्मदेची रेघ. हवा स्वच्छ नव्हती. मंडपात जमलेली इंदूरची सगळी मंडळी एका पांढऱ्या भिंतीकडे बोट दाखवून एकमेकांना नर्मदा दाखवत होती. “वो रही, वो!” दिसत कोणालाच नव्हती, पण तिकीट काढून वर चढल्यावर दिसली नाही असं म्हणायला कोणी तयार नव्हतं. भाऊंनाही दिसली. वहिनींनी विचारलं, “रूपमती पावसाळ्यात काय करायची मग? चार महिने उपास?” याचं उत्तर गाइडच्या पाठात नव्हतं. परतताना एको पॉइंटवर भाऊंनी पूर्ण ताकदीने हाक मारली आणि ती डोंगरातून जशीच्या तशी परत आली. वहिनी म्हणाल्या की लग्नानंतर प्रथमच कोणीतरी यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग आला आसपासच्या सहलींचा दिवस, आणि दोन्ही पात्या पुन्हा वेगळ्या झाल्या. वहिनींना महेश्वरला जायचं होतं, भाऊंना बाघला. महेश्वर मांडूच्या पायथ्याशी निमाडात, चाळीसेक किलोमीटरवर. बाघ शंभराच्या घरात आणि नेमकं उलट दिशेला. घरी असा पेच आला की दोघंही कुठेच जात नाहीत. इथे खोलीचं भाडं भरलेलं होतं. शेवटी वहिनी इंदूरच्या एका मराठी भिशी-मंडळाच्या गाडीत जागा पटकावून गेल्या, आणि भाऊ पाठीला पिशवी लावून एस.टी.च्या आठवणी काढत खासगी बसमध्ये बसले.

संध्याकाळी दोन्ही दरबारांचा अहवाल सादर झाला. वहिनींचा छोटा आणि वजनदार होता. अहिल्याबाईंचा घाट, नर्मदेच्या पात्रामधलं बाणेश्वराचं देऊळ, होडी, आणि दोन्ही बाजूंनी नेसता येईल अशा काठाची माहेश्वरी. एक बहिणीला. एक स्वतःला. एक ‘असू दे’ म्हणून. भिशीतल्या बायकांनी येताना अंताक्षरी खेळून ड्रायव्हरला जेरीस आणलं होतं.

भाऊंच्या अहवालात मात्र एक गफलत होती.

“लेणी छान आहेत. बौद्ध लेणी. भित्तिचित्रं तर अजिंठ्याच्या तोडीची.”

“फोटो दाखवा.”

“चित्रं तिथे नाहीत. जपून ठेवायला म्हणून काढून नेलीत.”

“कुठे?”

भाऊंनी पानिया तोंडात घातला. पण फार वेळ चावता येईना. “ग्वाल्हेरच्या संग्रहालयात,” ते म्हणाले.

खोलीत शांतता पसरली. मग वहिनी सावकाश म्हणाल्या, “माझ्या माहेरी यायचं म्हटलं की तुमचे गुडघे दुखतात. आणि ग्वाल्हेरात ठेवलेली चित्रं बघायला तुम्ही शंभर किलोमीटर बाघला गेलात?”

संकट मोठं होतं. अशा वेळी भाऊ खिशातून सर्वांत मोठा पत्ता काढतात. त्यांनी एका जाड्या, खडबडीत दगडाचा फोटो पुढे केला. हा बाघच्या परिसरातला चुनखडक. सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्र थेट धार जिल्ह्यापर्यंत आत आला होता, आणि त्याच्या तळाशी साचलेल्या खडकांत शिंपले, समुद्री प्राणी आणि शार्कचे दात सापडतात. भूगर्भशास्त्रात त्या थरांना बाघचंच नाव आहे. समुद्र गेला, मग डायनोसॉर आले, अंडी घालून गेले, मग लाव्हा आला आणि सगळ्यावर माळव्याचं पठार चढलं. त्या अंड्यांचंही गमतीदार झालं. धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात शेतात सापडलेले गोल दगड कुलदेव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजले जात होते, काकड भैरव. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी बघून सांगितलं की ही डायनोसॉरची अंडी.

“समुद्र दाखवतो म्हणालो होतो की नाही?” भाऊ म्हणाले.

“हो. पण नऊ कोटी वर्षं उशीर झाला. सकाळी तुम्ही पोह्यांना बसता ना, म्हणून.”

तरी दगडाचा फोटो त्यांनी बहिणीला पाठवलाच. खाली लिहिलं, “शार्कचे दात सापडतात इथे.” मिनिटभरात फोन वाजला. पलीकडून बहीण जवळजवळ ओरडत होती.

“ताई, पाण्यात उतरू नका! भाऊजींना तर मुळीच जाऊ देऊ नको!”

“नाही गं. ते काठावरच असतात. स्वेटर घालून.”

“पण किनारा कसा आहे?”

“छान आहे. गर्दी अजिबात नाही. म्हशी आहेत थोड्या.”

बहिणीला आता चैन पडेना. दिवेआगरला हल्ली पाय ठेवायला जागा नसते, सुट्टीत तर गाड्यांची रांग. येत्या डिसेंबरात आम्हीच तुमच्या त्या रिसॉर्टला येतो, जहाजावर जाऊ, मुलांना तोवर पोहायचा क्लास लावते, असं तिने जाहीर करून टाकलं. वहिनी “ये की, ये की” म्हणाल्या आणि फोन ठेवून भाऊंकडे बघू लागल्या.

भाऊंनी चष्मा पुसला, पासबुकाचा विचार केला, आणि मोबाइलवर गोव्याच्या गाड्या आणि डिसेंबरातली भाडी शोधायला सुरुवात केली.